लेकीच्या दप्तरात सापडलेलं पुस्तक

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत सतरा वर्षं आहोत. मुलगी १४ वर्षांची, यंदा नववीत, म्हणजे इथल्या हायस्कूलचं पहिलंच वर्ष. मागच्या आठवड्यात डबा काढायला तिचं दप्तर उघडलं तर आत लायब्ररीचं एक जाडजूड पुस्तक, 'द कोल्डेस्ट विंटर एव्हर'. अर्ध्याच्या पुढे एक पान दुमडलेलं होतं, तेच उघडलं आणि हातपाय गार पडले. ड्रग्ज, शिव्या, नको ते सगळं. वर्गातल्या एका काळ्या मैत्रिणीने सुचवलं म्हणे. मी पुस्तक काढून घेतलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. आज नऊ दिवस झाले, ती माझ्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाहीये. नवरा म्हणतो लायब्ररीचं कार्डच बंद करू. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांचं म्हणणं शाळेच्या वयात गोष्टीची पुस्तकं हवीतच कशाला. आणि खरं सांगू का, त्या लोकांच्या गोष्टी आपल्या मुलीने का वाचायच्या? घरातसुद्धा ती तसलं इंग्लिश बोलायला लागलीये. मैत्री तोडायला सांगू का? आणि वाचायला द्यायचंच तर दुसरं काय देऊ?
— नववीतल्या मुलीची आई

उत्तर:

अगं, तू मला ताई म्हटलंयस तर मी सरळ अगं-तुगंच करते. मी बरीच वर्षं इथल्या एका पब्लिक लायब्ररीत टीनएजर मुलांच्या विभागात काम केलंय आणि तुझ्या लेकीच्या हातातलं ते पुस्तक मी किती वेळा चिकटपट्टी लावून दुरुस्त केलं असेल ह्याचा हिशोब नाही. ते कधी शेल्फवर टिकायचंच नाही, परत आलं की दुसरं पोर उभंच असायचं. त्यामुळे पहिली गोष्ट, तुझी मुलगी काही जगावेगळं करत नाहीये.

पण तुला जे वाटलं ते मी उडवून लावणार नाही. ते पुस्तक मोठ्यांसाठीच लिहिलेलं आहे, टीनएजर मुलांसाठी नाही, आणि दुमडलेलं पान उघडून जे दिसलं ते वाचून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. फक्त तू एक पान वाचलंयस आणि तिने अर्ध्याहून जास्त पुस्तक, म्हणून आधी तुला ते आहे काय हे सांगते.

सिस्टर सोल्जा नावाच्या लेखिकेची ही १९९९ सालची कादंबरी. ब्रुकलिनमधल्या एका ड्रग डीलरची मुलगी, नाव विंटर, बापाच्या पैशावर लाडात वाढलेली, ब्रँडेड कपडे, दागिने, सगळे तिला घाबरून. मग बाप पकडला जातो आणि सगळं एकेक करून हातातून जातं, आणि विंटर मात्र कशातूनच काही शिकत नाही, शेवटी स्वतः तुरुंगात जाते. ती स्वतःच गोष्ट सांगते आणि कुठेच माफी मागत नाही, म्हणून मोठ्यांना वाटतं की पुस्तक तिची बाजू घेतंय. पण शेवट वाच. आईच्या अंत्यविधीला विंटरला तुरुंगातून आणतात, तिथे तिची धाकटी बहीण भेटते, तश्शीच नटलेली, तीच ऐट, आणि विंटरला लख्ख दिसतं की ही आता माझ्याच वाटेने चाललीये. आणि ती तिला काही म्हणजे काहीच सांगत नाही. तिचं ती शिकेल म्हणून गप्प बसते. माझ्याकडे येणाऱ्या पोरी ह्या पानापाशी हमखास अडकायच्या, काउंटरवर येऊन तावातावाने विचारायच्या की ती बोलली का नाही, एवढी सख्खी बहीण समोर उभी आहे आणि ती बोलली का नाही? एकीलाही ड्रग विकावं असं वाटलेलं मी बघितलं नाही.

तुझी लेक अजून त्या पानापर्यंत पोचलेली नाही. तू पुस्तक मध्येच काढून घेतलंस, म्हणजे तिच्याकडे आत्ता फक्त चमचमाट आहे आणि त्याची किंमत नाहीये. हे माझ्या मते पुस्तक वाचण्यापेक्षा वाईट.

आता हा प्रकार आला कुठून ते सांगते, कारण 'त्या लोकांच्या गोष्टी' असं तू लिहिलंयस आणि त्यावर मला बोलायचंच आहे. इथे ह्याला स्ट्रीट लिट किंवा अर्बन फिक्शन म्हणतात. त्याचं मूळ साठ-सत्तरच्या दशकात आहे. डेट्रॉइटचा डोनाल्ड गोइन्स, मिशिगनच्या जॅक्सन तुरुंगात असताना लिहायला लागला, थोड्या वर्षांत सोळा कादंबऱ्या लिहिल्या आणि १९७४ मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. मोठे प्रकाशक असल्या लेखकांना दारात उभं करत नव्हते. पुढे नव्वदच्या दशकातसुद्धा तीच गत, मग लोकांनी स्वतःच पुस्तकं छापली आणि गाडीच्या डिकीतून विकली, न्यूयॉर्कला हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर फुटपाथवर टेबलं टाकून विकली. विकी स्ट्रिंगर नावाच्या बाईने तुरुंगात कादंबरी लिहिली, बाहेर येऊन ती स्वतः छापली आणि मग ओहायोमध्ये स्वतःची प्रकाशन संस्थाच काढली, तिथून असल्या कितीतरी लेखकांची पुस्तकं आली. म्हणजे ही लोकांनी लोकांसाठी लिहिलेली पुस्तकं आहेत. त्यात काही भिकार आहेत, मीच सांगते, नुसता सेक्स आणि पिस्तुलं, भाषेचा पत्ता नाही. पण काही अशी आहेत की वाचून झोप लागत नाही.

आणि मुलं मोठ्यांची पुस्तकं का वाचायला लागली, तर त्यांच्यासाठी लिहिलेली जवळजवळ नव्हतीच. वॉल्टर डीन मायर्स हा हार्लेममध्ये वाढलेला लेखक, त्याने मरायच्या थोडं आधी २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला होता, त्यात आकडा दिलाय: २०१३ मध्ये अमेरिकेत आलेल्या मुलांच्या ३२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय माणसांबद्दलची फक्त ९३. तो म्हणतो की पुस्तकांमध्ये आपल्यासारखं कोणी दिसेना म्हणून त्याचं स्वतःचं वाचन त्या वयात सुटलं होतं. मग ज्या पोरीला आपली गल्ली पुस्तकात बघायचीये ती काय करणार? मोठ्या बहिणीच्या उशीखालचं पुस्तक उचलणार.

हे आपल्याला कळायला खरं तर अवघड जाऊ नये गं. आपल्याकडे भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' १९६५ मध्ये आलं, मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी, तेव्हा अश्लील अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला. १९७२ मध्ये ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, त्यातले कितीतरी शब्द तेव्हाच्या पांढरपेशा वाचकाला ठाऊकच नव्हते. आणि त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ह्यांनी दलित पँथर उभी केली, ते नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. तू ज्यांना 'ते लोक' म्हणतेस त्यांच्याकडे बघून आपल्या माणसांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवलंय. लांबचं नातं आहे पण नातं आहे.

म्हणून आता तुला स्पष्टच विचारते, राग मानू नकोस. तुला भीती पुस्तकाची वाटली का त्या मैत्रिणीची? पत्रात तू त्या मुलीबद्दल एवढंच लिहिलंयस की ती काळी आहे. ती अभ्यासात कशी, बोलायला कशी, घरी कोण असतं, ह्यातलं काही नाही. तीच मुलगी आपल्यातली असती आणि तिने एखादी इंग्लिश वेब सिरीज सुचवली असती, त्यात ह्याच्या दुप्पट शिव्या असत्या, तर तू मैत्री तोडायचा विचार केला असतास का? तुझ्या लेकीने हे नक्की ओळखलंय. ह्या वयात मुलांना आईबापांची भाषणं ऐकू येत नाहीत पण असलं सगळं बरोब्बर कळतं. नऊ दिवसांचा अबोला नुसता पुस्तकासाठी असेल असं मला नाही वाटत. मैत्री तोडायला अजिबात सांगू नकोस, उलट त्या मुलीला एकदा घरी बोलव, पोहे कर, बस त्यांच्यासोबत.

'तसल्या इंग्लिश'चं पण सांगते. इथल्या कृष्णवर्णीयांची ती भाषा म्हणजे चुकीचं इंग्लिश नाहीये, तिला स्वतःचं व्याकरण आहे. एकच उदाहरण घे, 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करतोय, आणि 'ही बी वर्किंग' म्हणजे तो काम करत असतो, नेहमीचंच. आपण नाही का 'जातोय' आणि 'जात असतो' असा फरक करत, तस्साच. शाळेतल्या इंग्लिशमध्ये हा फरक एवढ्या छोट्याशा शब्दात होतच नाही. तेव्हा ही भाषा घाणेरडी आहे असं घरात कोणी म्हणायचं नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. पण एक गोष्ट मात्र तिला बसवून नीट सांग: पुस्तकात कृष्णवर्णीयांना हिणवायला वापरला गेलेला एन अक्षराचा तो शब्द पानोपानी येईल, तो ज्यांचा आहे ते आपसात वापरतील, आपण वाचायचा, आपण बोलायचा नाही. मोठ्याने वाचतानासुद्धा नाही, गाण्यासोबत म्हणतानासुद्धा नाही. आणि ती भाषा कळणं वेगळं आणि तिची नक्कल करून भाव खाणं वेगळं, हा फरक तिच्या मैत्रिणीलाच विचार म्हणावं, ती तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला सांगेल.

आता माझं स्वतःचं एक सांगते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबांची काही पुस्तकं माळ्यावर कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालून ठेवलेली असायची, तेरा-चौदाची असताना मी एक काढून वाचायला लागले, दुपारी, सगळे झोपले की. एका दुपारी आई जागी झाली. तिने पुस्तक हातातून ओढलं, दोन ओळी वाचल्या आणि काही न बोलता मोरीत जाऊन बंबात घातलं. जाड पुठ्ठा होता, पटकन पेटेना, मग तिने चिमट्याने पानं सुटी करून आत सारली. मी दारात उभी राहून बघत होते. मार नाही मिळाला, ओरडा नाही, त्यावर पुढे एक शब्द नाही. पण त्या दिवसानंतर मी काय वाचते, काय विचार करते, हे आईला सांगणं मी बंद केलं. बारावीत असताना क्लासला जाताना एक माणूस रोज मागे यायचा, लोकलच्या गर्दीत नको तिथे हात लावायचा, तीन महिने चाललं होतं, आणि मी आईला सांगितलं नाही. मला खात्री होती की हा पण विषय बंबात जाणार. आई वाईट नव्हती गं, घाबरली होती, आता मला कळतं. पण तेव्हा मी एकटी पडले ते पडलेच.

तुझ्या पत्रातलं ते डिकीचं वाक्य वाचलं आणि मला तो चिमटा आठवला. म्हणून एवढं लांबण लावतेय.

बरं, मग द्यायचं काय. ह्या वयासाठीची चांगली पुस्तकं आता पुष्कळ आहेत, आणि मी म्हणेन की तूही वाच, तिच्या पाळतीवर म्हणून नाही, सोबत म्हणून.

सगळ्यात आधी मायर्सचंच 'मॉन्स्टर'. हेही १९९९ चंच, आणि टीनएजर मुलांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००० मध्ये सुरू झाला तो पहिलाच ह्याला मिळाला. सोळा वर्षांचा स्टीव्ह, हार्लेममध्ये एका औषधाच्या दुकानात दरोडा पडतो, दुकानदार मरतो, आणि स्टीव्हवर आरोप की तू आत जाऊन रस्ता साफ आहे का ते बघून आलास. त्याला सिनेमा करायचं वेड, म्हणून तो स्वतःच्या खटल्याची पटकथा लिहितो, मध्ये मध्ये तुरुंगातली हाताने लिहिलेली डायरी. शेवटी तो निर्दोष सुटतो. आनंदाने तो आपल्या वकीलबाईंना मिठी मारायला हात पसरतो आणि त्या अंग ताठ करून तोंड फिरवतात. ज्या बाईने त्याला सोडवलं तीच. आणि स्टीव्ह नंतर पुन्हा पुन्हा स्वतःचं शूटिंग करत बसतो की तिला माझ्यात काय दिसलं? हे पान तुम्ही दोघींनी एकत्र वाचा. तिला विचार की तुला काय वाटतं, वकीलबाईंना काय दिसलं असेल. आणि ती जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐक, आपल्याला न आवडणारं असलं तरी, आपल्याबद्दल असलं तरी.

मग जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन', २०१७ चं. हे कवितेत लिहिलेलं आहे, पानावर थोडेच शब्द, एका बैठकीत संपतं. पंधरा वर्षांच्या विलच्या मोठ्या भावाला गोळी घालतात. त्यांच्या वस्तीचे तीन नियम, रडायचं नाही, पोलिसांना नाव सांगायचं नाही, आणि बदला घ्यायचा. विल भावाचं पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो, आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते आणि आत एक मेलेलं माणूस येतं, बहुतेक त्याच्या ओळखीचंच. तळमजल्यापर्यंत जेमतेम एक मिनिट, तेवढीच अख्खी गोष्ट. ह्या रेनॉल्ड्सने स्वतः सतराव्या वर्षापर्यंत एकही कादंबरी पूर्ण वाचली नव्हती, त्याने तसं अनेकदा सांगितलंय, म्हणून बहुतेक त्याला न वाचणाऱ्या पोरांसाठी कसं लिहायचं ते कळलं. तुझ्या नवऱ्यालाही दे हे, तासाभरात होतं, बंदी घालायच्या आधी एक तरी वाचलेलं असावं.

अँजी थॉमसचं 'द हेट यू गिव्ह' तुला माहीत असेल, सिनेमा पण आला होता. त्यातली स्टार नावाची मुलगी घरच्या वस्तीत एक असते आणि गोऱ्या मुलांच्या महागड्या शाळेत दुसरीच, बोलणं वेगळं, हसणं वेगळं. तुझी लेक घरी मराठी, शाळेत दुसरी, तिसरीच फोनवर. तिला हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक खास तुझ्यासाठी, एलिझाबेथ असेवेडोचं 'द पोएट एक्स'. हार्लेममधलीच पण डॉमिनिकन घरातली मुलगी, आई अतिशय धार्मिक, मुलगी वहीत गुपचूप कविता लिहिते. आईला वही सापडते आणि ती ती जाळते. त्यात शरीराबद्दल, मुलांच्या नजरांबद्दल मोकळं लिहिलंय, आधीच सांगून ठेवते. ते मी आतमध्ये पुस्तकांच्या ट्रॉलीजवळ उभी राहून वाचलं आणि वही जळते त्या पानाला मला खुर्ची शोधावी लागली.

तिला एवढं जड नको असेल तर ब्लूफर्ड सिरीज आहे, ती तर आपल्या न्यू जर्सीतल्याच टाउनसेंड प्रेसची. बारीक पुस्तकं, सोपं इंग्लिश, एका हायस्कूलमधल्या मुलांच्या गोष्टी, मारामाऱ्या, दादागिरी, सोडून गेलेला बाप, पण शिव्या आणि बाकीचं फारसं नाही. शाळेचं नाव गाय ब्लूफर्डवरून ठेवलंय, १९८३ मध्ये अंतराळात गेलेला पहिला आफ्रिकन अमेरिकन, फिलाडेल्फियाचा. तुमच्या घरात इंजिनीअर असतील तर ह्या नावावर तरी गप्पा सुरू होतील.

कार्ड बंद करायचं म्हणशील तर नको. कार्ड बंद केलंस तर ती फोनवर वाचेल, आणि फोनवर काय काय आहे ते तुला मी सांगायला नको, तिथे कुठलीच लायब्ररीयन बसलेली नसते. सासूबाईंना म्हणावं तिला दोन तुमच्या वेळच्या गोष्टी सांगा, सांगलीच्या पुराच्या, कशाच्याही, तिला हव्याच आहेत गोष्टी.

आणि ते पुस्तक. ती अकराची असती तर म्हटलं असतं अजून दोन-तीन वर्षं थांबव. पण ती चौदाची आहे आणि अर्ध्याच्या पुढे गेलीये. माझं ऐकशील तर आज रात्रीच डिकीतून काढ. तिच्या खोलीत जा, भाषण तयार करून जाऊ नकोस, एवढंच म्हण की मी घाबरले होते, न विचारता घेतलं ते चुकलं, मला पण शेवट वाचायचाय, तुझं झालं की मला दे. त्यात जे काही उघडंवाघडं आहे त्याबद्दल तिला काही विचारायचं असेल तर विचार म्हणावं, आणि विचारलं तर लाजून विषय बदलू नकोस, नाहीतर इथवर केलेलं सगळं वाया. लगेच बोलणार नाही ती, कदाचित भिंतीकडे तोंड करून पडेल. पडू दे. पुस्तक टेबलावर ठेव आणि ये बाहेर, आणि ते दुमडलेलं पान सरळ करू नकोस, तसंच राहू दे.